दोन अग्नींमधली वाट

हेमंतातली सकाळ धूसर-पिवळी उगवली. हिमशुभ्र शिखरांच्या खांद्यांवरून, तुतीच्या निष्पर्ण बनांवरून उन्हाचं केशर ओघळत आलं आणि नूरकंद नगरीच्या घुमटांवर थबकलं. घुमट निळे, नदी निळी, चुलींचा धूरही निळा. नगरीला वेढा घालून बसलेले दहा हजार घोडेस्वार तेवढे काळे.

त्या उन्हातून चुलून आला, खानाचा दूत. पापण्यांवर नऊ दिवसांची धूळ, मांड्यांवर नऊ घोड्यांचा घाम, कंठात खानाची आज्ञा. खानाला अक्षर येत नव्हतं, सेनापतीलाही येत नव्हतं. म्हणून आज्ञा गाण्यात गुंफायची आणि गाणं दूताच्या गळ्यात ठेवायचं, ही खानाच्या गवताळ मुलखाची, त्या तृणसागराची रीत. या खेपेचं गाणं सोळा ओळींचं. अर्थ एकच : नूरकंदला अभय.

सूर्य माथ्यावर आला की नगारा वाजणार होता. नगाऱ्यानंतर नगरीत श्वास उरू द्यायचा नव्हता. पण सूर्य अजून माथ्यावर नव्हता. चुलून वेळेत पोचला होता.

सेनापतीच्या तंबूपुढे दोन अग्नी धगधगत होते, ताम्रकेशी, रक्तजिव्ह. दुरून आलेल्याने त्यांच्यामधून जायचं, वाटेत चिकटलेली भुतं जाळायची, मगच संदेशाला तोंड फोडायचं. आधी बोलला तर मान जायची.

चुलून गेला. घोडा गेला नाही.

"घोडाही हवा, बाळा," अग्नी राखणारी म्हातारी शांतपणे म्हणाली. "भुतं काय फक्त माणसांवरच बसतात?"

त्याने लगाम ओढला. घोड्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, तर घोडा मागे-मागे चालू लागला. म्हणून त्याला पाठमोरा उभा केला, तर तो खाली बसला. मीठ दाखवलं, ते त्याने आवडीने खाल्लं आणि जागचा हलला नाही. चार सैनिक जमले, मग चाळीस. एकाने सुचवलं, घोडा आधी वळसा घालून पलीकडे न्यावा आणि तिथून उलटा आणावा. यावर बराच गंभीर विचार झाला.

ऊन पांढरं होत गेलं, सावल्या आखडत गेल्या.

वीस पावलांवर सेनापती जिरगाल लोकरीच्या आसनावर मांस चावत बसला होता. एक हाक पुरली असती. एकच शब्द. तो चुलूनच्या जिभेवर आला, दातांपर्यंत आला. चुलूनने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. मान उबदार होती, तरुण होती, एकच होती. त्याने शब्द गिळला आणि पुन्हा लगाम धरला.

नगारा वाजला.

तिसऱ्या प्रहरी अग्नी विझत आले, तेव्हा घोडा आपण होऊन मधून चालत गेला.

खानाचं गाणं अर्धवट किंवा झाकल्या मस्तकाने ऐकणं हा अपराध. म्हणून लढाईहून परतलेल्या जिरगालने शिरस्त्राण उतरवलं. त्याच्यामागे अवघं सैन्य बोडक्या मस्तकाने उभं राहिलं, रक्तलिप्त, धूम्रवर्ण, नम्र. चुलून गायला. सोळाच्या सोळा ओळी. अभय घरांना, अभय घुमटांना, अभय पाळण्यातल्या लेकरांना. सूर कुठेही ढळला नाही. याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटली.

"गळा गोड आहे रे तुझा," जिरगाल म्हणाला आणि लुटीतला एक रेशमी झगा त्याच्या खांद्यावर टाकला.

झगा अजून उबदार होता.

विणकरांना मारायचं नसे. त्यांना बांधून खानाच्या मुलखात न्यायचं असे. त्यांची रांग जवळून निघाली. तिच्यात माहबानू नावाची एक वृद्ध विणकरीण होती. व्यापारी तांड्यांमुळे तिला या मोंगल स्वारांची बोली कळत होती. तिने हलकेच विचारलं,

"हे गाणं कधी आलं, बाबा?"

चुलूनने खाली पाहिलं. "आत्ताच."

तिने मान डोलावली. मग तिचं लक्ष झग्याच्या बाहीकडे गेलं. एक धागा सुटला होता. आयुष्यभराच्या सवयीने तिचे बांधलेले हात उचलले गेले; त्या करपल्या बोटांनी तिने धागा ओढून घेतला, पिळला आणि त्याला गाठ मारली, नीट, घट्ट, मायेने. मग दोर ताणला गेला आणि ती पुढे गेली.

चुलून हात तसाच अधांतरी धरून उभा राहिला. नूरकंदची राख उतरत होती, करडी, मऊ, निःशब्द. त्याच्या केसांवर, त्याच्या बाहीवर, बाहीवरच्या त्या इवल्या गाठीवर.