पोट उसवलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना कापडी चेंडू आहे. पण मला कोणी भिंतीवर आपटत नाही, हातात धरून बसतात. एका शिंप्याने उरल्यासुरल्या तुकड्यांतून मला शिवले. दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा-सात मुले गोल करून बसतात. सगळ्यांचे आईवडील वेगळे झालेले. माझा नियम एकच : ज्याच्या हाती मी, त्याने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. किती तळव्यांचा घाम मी प्यायलो! सुट्टीत मात्र कपाटात धूळ खात पडायचो.

एकदा दहा वर्षांची एक मुलगी आली. मुले तिला चष्मिश म्हणत. ती मला दाबून पाही, कानाला लावी आणि चकार शब्द न काढता पुढे देई. चौथ्या शनिवारी तिने कात्री उचलली आणि माझे पोट उसवले.

"ह्याच्यात रेकॉर्डर आहे, मला माहितीये!"

खरे सांगतो, माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. शिंप्याने खरेच काही ठेवले असेल तर? पण निघाल्या नुसत्या चिंध्या.

मुलांना बोलते करणाऱ्या ताई रागावल्या नाहीत. "असं का वाटलं गं तुला?"

"बाबांनी मोबाइल खिशात ठेवून माझं बोलणं टिपलं, वकिलांना ऐकवलं. आईपण खोदून खोदून विचारते. आणि तुम्ही त्या वहीत काय लिहिता?"

ताईंनी वही तिच्या हातात दिली. आत हजेरी आणि वाढदिवस, एवढेच.

"तुला कोणी त्रास देत असेल, तरच मी बाहेर बोलेन. तेही आधी तुला सांगून."

चष्मिशने पानन्‌पान तपासले. मग माझ्या चिंध्या मांडीवर घेऊन ती पुटपुटली, "मी बोलले, म्हणून आईबाबा वेगळे झाले का?"

"मलाही तसंच वाटायचं," शेजारची मुलगी म्हणाली.

"नाही गं," ताई म्हणाल्या. "मोठ्यांचं भांडण मोठ्यांचं. मुलांचा त्यात दोष नसतो."

सगळ्यांनी मिळून मला शिवले. टाके वेडेवाकडे पडले, पण मला ते मिरवावेसे वाटतात.

दारात चष्मिशची आई उभी होती. "आज काय बोललीस?"

चष्मिशची मान ताठ झाली. ताई हळूच आईला म्हणाल्या, "ते नका विचारू. भूक लागलीय का, ते विचारा."

आई ओशाळली. "भूक लागलीय?"

चष्मिशने तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. "खूप," ती म्हणाली.

मित्रांनो, एका घराची दोन झाली, तरी तुम्ही कोणाचे हेर नाही. 'मला नका विचारू' असे सांगायला घाबरू नका. आणि कोणावर लगेच विश्वास बसला नाही, तर स्वतःवर रागावू नका. त्याला वेळ लागतो.