दारावरचा पुरुष

"फावडं ठेव खाली! आधी घरातला पुरुष आण, मग दाराला हात लाव!"

धाकटीच्या दिरानं सकाळी सकाळी असा आरडाओरडा केला की मी चुलीवरचं दूध तसंच सोडून बांधावर पळाले. दूध उतू गेलं ते गेलंच. त्यावरून आमच्या ह्यांनी दिवसभर तोंड फुगवलं, पण मला राहवेना त्याला मी काय करू?

धाकटी म्हणजे माझी शेजारीण. त्या घरातली धाकटी सून, म्हणून सगळं गाव तिला धाकटीच म्हणतं. नवरा गेल्या थंडीत छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नाही. मागे राहिला मक्याचा एक तुकडा, एक शेळी आणि वेगळी चूल मांडलेला हा दीर.

आमच्याकडे पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. वर मोठ्या दारापाशी पाटकरी बसतो. ज्याची पाळी असेल, त्याच्या शेताच्या दारावर, म्हणजे पाटातलं पाणी शेतात वळतं तिथं, पुरुष उभा दिसला की तो पाणी सोडतो. बाई दिसली की नाही सोडत. पुरुषही त्याच घरातला पाहिजे, शेजारपाजारचा चालत नाही. आणि लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या की पाळी भाऊबंदाकडे जाते. त्या सकाळची धरून धाकटीच्या दोन गेल्या होत्या. मका ऐन तुऱ्यात, पानं सुरळीसारखी वळलेली, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. तिसरी पाळी चुकली असती तर पीक तर गेलंच असतं, पण पाण्यावाचून तो तुकडा तरी ती किती दिवस धरून ठेवणार होती? दीर त्याचीच वाट बघत होता मेला.

"बाई दारावर का नको हो?" मी ह्यांना विचारलं.

"पहिल्यापासून चालत आलंय."

"कुठलं पहिल्यापासून! माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्याच आई सांगायच्या. त्यांच्या आजीच्या वेळी सगळ्या पुरुषांना लढाईला धरून नेलं होतं. कितीतरी वर्षं बायकांनीच पाट चालवला. पुरुष परत आले, पहिली बैठक बसली आणि पहिला नियम हा केला. का, तर म्हणे बायका दमल्या असतील!"

"आई काहीही सांगायची," हे म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

पाळीच्या दिवशी धाकटी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "वहिनी, जरा खांब धरायला येता?"

बघते तर काय, मक्यातलं बुजगावणं उपटून तिनं दारापाशी आणलेलं. अंगात नवऱ्याचा लग्नातला कोट, डोक्यावर त्याचीच टोपी. आम्ही दोघींनी ते मातीत पक्कं रोवलं. कोटाचं वरचं बटण लावताना तिचा हात थांबला. मी उगाच पाटाकडे बघत राहिले. तिला तेवढं एकटं सोडायला हवं होतं.

मग ती वाकून मक्यात शिरली, तिच्यामागे मी. वरून पाटकऱ्यानं हाक दिली, "कोण आहे दारावर?" वाऱ्यानं कोटाची बाही हलली. आणि काय सांगू, पाणी आलं की हो! खळखळ करत आलं. धाकटी चिखलात गुडघाभर उभी राहून दारं धरत होती, एक वाफा भरला की दुसरा फोडत होती, आणि रडत होती. मीही रडले.

संध्याकाळ व्हायच्या आत दिरानं बैठक बोलावली. मधोमध मोठेबाबा. पाटाच्या तोंडाची सगळी शेतं त्यांची, त्यामुळे गावात शेवटचा शब्दही त्यांचाच. आम्ही बायका भिंतीला टेकून उभ्या.

"चोरी आहे ही! बुजगावणं उभं करून पाणी घेतलं," दीर ओरडला.

पाटकऱ्याचा चेहरा पांढरा पडला. बुजगावण्याला पाणी सोडलं असं ठरलं तर त्याचं काम जाणार होतं. "छे! माणूसच होता. मी हाक मारली, त्यानं हात केला."

मला हसू फुटलं. ह्यांनी डोळे वटारले.

मोठेबाबांनी दाढी खाजवली. पाटकरी त्यांनीच नेमलेला, त्यांच्या बहिणीचा मुलगा. "धाकटे, तूच सांग. दारावर पुरुष होता की नव्हता?"

ती पुढे आली. "बाबा, फावडं माझ्या हातात होतं. बांध मी फोडला, वाफे मी भरले. तो नुसता उभा होता. पाळी माझ्या नावावर करा."

"तेवढं विचारलं नाही मी. बाई होती म्हणालीस तर तिसरी पाळी चुकली. मग पाणी दिराचं. पुरुष होता म्हणालीस तर पाळी चालू. बोल."

दीर ओठ चावत उभा. धाकटीच्या नखांत अजून चिखल होता. ती त्या हातांकडे बघत राहिली. बोल गं बाई, मी मनात म्हणत होते, आणि काय बोल ते माझं मलाच कळत नव्हतं.

"होता," ती म्हणाली.

"झालं तर! नियम मोडला नाही," मोठेबाबा म्हणाले आणि उठले.

मका चांगला झाला. दिराचं तोंड बंद झालं. आता दर पाळीला धाकटी त्या बुजगावण्याला खांद्यावर घालून दारावर आणते. पाटकरी येता-जाता त्याला विचारतो, "काय, बरं आहे ना?" त्याला तसं विचारावंच लागतं. आमचे हे आमच्या दारावर उभे असतात, थोड्या वेळानं बसतात, मग बांधावर आडवे होतात. खाली चिखलात मी असते. तिचा तो मात्र शेवटपर्यंत उभा असतो.

परवा तिची पाळी चालू असतानाच एकदम पाऊस कोसळला. मी ओरडले, "अगं, पळ घरात, भिजशील!"

ती पळाली नाही. कोट फाटला, कुजला तर पाळी गेली, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं आधी त्याला उचलून घरात नेलं, खाटेवर निजवलं. मग शेळी आत घेतली. मग स्वतः आत गेली.