पाणी तापत नाही

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी चिडले ती उगाच नव्हे.

म्हसवडजवळच्या एका शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. प्रत्येक विभागातला पहिला साताऱ्याला, जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार. आमची नववीतली पल्लवी, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरची पोर, त्या एका आशेवर दोन महिने राबली होती. शनीला एन्सेलॅडस नावाचा बर्फाळ चंद्र आहे. त्याच्या दक्षिण टोकाला लांबच लांब भेगा आहेत, आणि बर्फाखालच्या समुद्राचं पाणी त्यांतून वाफ नि हिमकण होऊन आभाळात उसळतं. पल्लवीनं पालथ्या घमेल्यावर प्लास्टर थापून तो चंद्र केला, चार भेगा ठेवल्या आणि खालून बापाचा औषध फवारायचा पंप जोडला. दांडा मारला की चारी भेगांतून फवारे सुटायचे. मी स्वतः भिजले होते.

मी चहा घेऊन येते तोवर तिचं टेबल खगोलशास्त्राच्या रांगेतून गायब. नोंदणीवाल्यांनी ते 'घरगुती उपकरणे' विभागात, सौरचूल आणि बिनधुराच्या चुलीच्या मधोमध नेऊन बसवलं होतं. का, तर फॉर्मवर प्रकल्पाचं नाव होतं 'गिझर'! शास्त्रात उसळत्या फवाऱ्याला गिझरच म्हणतात, पण हे सांगणार कोणाला? परीक्षक नाथाजी सर येऊन गेलेसुद्धा. पल्लवी शनीचं सांगायला लागली, तर म्हणाले, "ते राहू दे. किती लिटरचा हाय?" गुण वीसपैकी तीन. शेरा : मांडणी चांगली. पाणी तापत नाही.

पाणी तापत नाही! जिथं थंडी उणे दोनशेला टेकते, तिथल्या चंद्राला यांनी न्हाणीघरात टांगलं!

मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले. "अहो, तुम्ही शाळा शिकलात की नुसती बाहेरून पाहिलीत? एवढा चंद्र समोर असून तुम्हाला बंब दिसला?"

नाथाजी सर शांतपणे म्हणाले, "बाई, आरडू नका. गिझर म्हटल्यावर माणूस आंघोळीचंच समजणार. मराठीत लिवायला काय झालं हुतं?"

हे मात्र खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला. मी पल्लवीवर उखडले. "तुला दुसरा शब्द सुचला नाही?"

ती पंपाच्या दांड्याकडे बघत म्हणाली, "बाई, म्या 'उमाळा' लिवलं हुतं. हिरीच्या खडकातनं पाणी उसळतं त्याला आमी उमाळाच म्हणतो. तुमीच खोडलं. म्हणला, शास्त्रीय शब्द लिही."

लाल पेनानं खोडलं होतं मी.

नाथाजी सरांनी तोड काढली. नोंदणीची चूक माझी, असं मी लिहून दिलं तर प्रकल्प योग्य विभागात पुन्हा तपासता येत होता. मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, सही ठोकली. पल्लवीचा चेहरा फुलला. ती पंपात पाणी भरायला पळाली.

सरांनी कागद वाचला आणि आवाज खाली आणला. "बाई, ह्यो कागद वर जाणार. आदर्श शिक्षिका म्हणून यंदा तुमचं नाव गेलंय न्हवं? इचार करा. पोरगी नववीत हाय. पुढल्या वर्षी येईल की."

त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मी तो उचलला आणि पर्समध्ये टाकला.

पल्लवी भरलेला पंप घेऊन धापा टाकत आली. "बाई, वाचला सरांनी?"

"वाचला."

"मग?"

मग मी नोंदणीवाल्यांच्या नावानं शंख करायला लागले, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.