शिवदाऱ्याची गाठ

पार्वतम्माची नखं गाठीत रुतली होती आणि गाठ काही सुटत नव्हती. सून शिवकांता तापानं ग्लानीत पडली होती. दुपारचा काढा पोटात गेला की घटकाभर तिला जाग येत नाही, हे पार्वतम्माला दोन दिवसांत कळून चुकलं होतं. शिवकांताच्या गळ्यातल्या शिवदाऱ्याला, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे, रोजच्या पूजेतल्या लिंगाची चांदीची डबी होती, आणि डबीच्या झाकणावर दोऱ्याचे वेढे देऊन ही गाठ मारलेली होती. दुसऱ्याच्या गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा नसतो. पार्वतम्मानं स्वतः गल्लीतल्या निम्म्या पोरींना हे शिकवलं होतं.

पण डबी फुगली होती. पूर्वी झाकण नुसत्या बोटानं दाबलं की बसायचं, आता दोऱ्यानं बांधावं लागत होतं. सून पूजेला बसली की भिंतीकडं तोंड करायची. आणि याच वर्षात रेवणसिद्ध, आईला विचारल्याशिवाय पायात जोडा न घालणारा तिचा मुलगा, "अव्वा, तिचं तिला बघू दे की," असं म्हणायला लागला होता. पार्वतम्मानं काय ते ताडलं. डबीत ताईत होता. नवऱ्याला आईपासून तोडायचा ताईत.

तसा त्या घरात पार्वतम्माच्या हाताला कशाचीच बंदी नव्हती. सुनेची पेटी ती दर सोमवारी उपसायची. सून निजायची त्या माजघराच्या दाराची आतली कडी तिनं मुलाच्या लग्नानंतर महिन्याभरातच काढून टाकली होती. "आपल्यात तुझं-माझं काय गं?" असं ती सुनेला मायेनं म्हणायची, आणि ती मायाच आहे याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही. सून गप्प बसायची. गप्प बसणं म्हणजे कबूल असणं, असा पार्वतम्माचा सोयीचा हिशेब होता.

तिचाच मुलगा सोलापूरहून कापडाचे गठ्ठे आणायचा. गेल्या आठवड्यात करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायांनी गठ्ठे तर उसकलेच, त्याच्या भाकरीचं फडकंही झटकून पाहिलं. तेव्हा हीच पार्वतम्मा ओसरीवर उभी राहून निजामाच्या शिपायांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"लोकांच्या गठुड्यात हात घालतेत! लाज न्हाय मेल्यांना!"

गाठ सुटली. तिनं झाकण उघडलं.

ताईत नव्हता. लिंग होतं, आणि ते एका तांबड्या कापडात दोन घड्या घालून गुंडाळलेलं होतं. एवढंच. कापड इरकल लुगड्याच्या काठाचं होतं, आणि एका बाजूनं वाकडं कापलेलं होतं. वाकडं का, ते पार्वतम्माला माहीत होतं. तिची कातर बोथट होती.

मागच्या मार्गशीर्षात शिवकांताची आई प्रेमाबाई तिकडं माहेरी, ईट गावाला वारली. शिवकांता येताना आईचं एक लुगडं घेऊन आली आणि पेटीच्या तळाशी तिनं ते ठेवलं. सोमवारी ते पार्वतम्माच्या हाती लागलं. "मेल्या माणसाचं लुगडं असं पेटीत ठेवत्यात व्हय?" म्हणून तिनं त्याच दुपारी कातर चालवली आणि वाकळ शिवायला घेतली. शिवकांता समोर बसून सुईत दोरा ओवून देत होती. नंतर उन्हाळा असो की हिवाळा, सुनेनं तीच वाकळ पांघरली, आणि पार्वतम्मानं शेजारणींना कौतुकानं सांगितलं होतं, की माझ्या हातची वाकळ आमच्या सुनेला सोडवत नाही.

ती वाकळ आत्ताही अंगावर होती. झोपेतही शिवकांतानं तिचा काठ मुठीत धरला होता.

पार्वतम्माला लाज वाटली. कानांच्या पाळ्या तापल्या, डोळे कुठं ठेवावेत कळेना. एवढ्या मोठ्या घरात या पोरीला स्वतःची म्हणून लिंबाएवढी जागा उरली होती, आणि आपण तिथंही जाऊन पोचलो. नाक्यावरच्या शिपायाला निदान सरकारचा हुकूम तरी होता.

तिनं लिंग त्या कापडात होतं तसं गुंडाळलं, झाकण लावलं, दोरा घेतला. पण मूळ गाठ कशी होती ते काही केल्या आठवेना. शेवटी तिनं आपल्या सवयीची गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. शिवकांता अंघोळ करून पूजेला बसली. पार्वतम्मा चुलीपुढं पाठमोरी बसून, पेटलेल्याच चुलीत फुंकर घालत राहिली. पार्वतम्मानं हळूच मान वळवली. सुनेची बोटं गाठीवर थांबली होती.

आता ती ओरडेल, रडेल, नवऱ्याला सांगेल, असं पार्वतम्माला वाटलं, आणि तिनं तसं करावं असंही वाटलं. शिवकांतानं गाठ सोडली, पूजा केली, आपल्या पद्धतीची गाठ मारली आणि चुलीपाशी आली.

"आत्याबाई, भाजी काय करू?"

पार्वतम्माला ते सोसवेना.

"शिवे, ती गाठ..."

"ठावं हाय मला."

"आत ताईत हाय, असं वाटलं मला."

शिवकांता खाली बसली. विळी पुढं ओढली, पण वांगं हातातच राहिलं.

"इचारायचं हुतं. दावलं असतं म्या."

"खरं?"

सुनेनं हातातलं वांगं फिरवून पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली. "न्हाय दावलं असतं."

आणि वांगं चिरायला लागली. सात वर्षांत त्या घरात तिच्या तोंडून 'न्हाय' हा शब्द पहिल्यांदाच निघाला होता. पार्वतम्माला राग यायला हवा होता. तो आलाच नाही. तिनं मान खाली घातली आणि सुनेपुढं पाण्याचं भगुलं सरकवलं.

दुपारी तिनं उत्तरेश्वर सुताराला बोलावून घेतलं.

"माजघराला कडी बसीव. आतून."

"आतून? कशाला वो, पार्वतम्मा? चोरा-चिलटाचं भ्या वाटाया लागलं का काय?"

"चोर घरातलाच हाय. तू कडी बसीव."

उत्तरेश्वर हसला. तिनं चेष्टा केली असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढ्याची वाटी घेऊन पार्वतम्मा माजघराशी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नवी होती, सुनेला अजून लावायची सवय नव्हती. पार्वतम्माला मात्र जुनी सवय होती. तिचा हात दार ढकलायला उचललाही गेला. फळीला लागण्याआधी तिनं तो मागं घेतला आणि खाकरली.

"शिवकांता, येऊ का?"

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

"थांबा जरा."

दाराआडून कडी लागल्याचा आवाज आला. सून आत काय करत होती ते पार्वतम्माला माहीत नव्हतं. वाटीतला काढा निवत होता. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.