माठाखालची कडी

मित्रांनो, संक्रांतीच्या सुमारास आमच्या घरी कोकणातून एक पत्र आले होते. ते अच्युतरावांच्या नावाचे होते. उन्हाळा आला, तरी त्याला उत्तर गेले नव्हते. मी त्या घरातली एक जुनी लोखंडी कडी. पत्र मला आलेले नव्हते, पण विचारणा माझीच होती, म्हणून त्या राहिलेल्या उत्तराची टोचणी मलाही होती.

मला हे सगळे नीट सांगता येईल की नाही, याची शंका वाटते. कडीजवळ सांगण्यासारखे असते तरी काय? भोवती लोखंड आणि मध्ये काहीच नाही. भोपाळला बाग सेवनियातल्या एका फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी, लाकडी स्टुलावर मी आडवी असे. माझ्यावर पाण्याचा माठ बसलेला असे. येणारे-जाणारे पाणी पीत. माझ्याकडे कोणी पाहत नसे, आणि खरे सांगायचे तर मला ते बरे वाटे.

पण मित्रांनो, माझा जन्म माठासाठी झालेला नव्हता. समुद्रकाठच्या एका गावात नारळ बागायतदारांची सोसायटी होती. तिथल्या लोहाराने सळई तापवून मला गोल वळवले. टोके जोडताना त्याचा हात जरा हलला आणि सांध्यापाशी एक गाठ राहिली. ती घासायची म्हणून त्याने मला बाजूला ठेवले आणि विसरला. मग माझ्या अंगावर माडाचे छोटे चिन्ह ठोकून सोसायटीने मला कामाला लावले.

काम सोपे होते. सोललेला नारळ माझ्यावर ठेवायचा. वर बसून राहिला तर तो मोठा, खाली पडला तर लहान. लहान नारळात खोबरे कमी, म्हणून त्याच्या दरातून थोडे पैसे कापून घेत. या कपातीला सुधार फंड म्हणत. त्यातून लहान बागांना खत देऊ, पाण्याची सोय करू, असे सोसायटीने कबूल केले होते. मोठ्या बागांना पाटाचे पाणी होते. त्यांचे टपोरे नारळ माझ्यावर ऐटीत बसून राहत. ज्यांची घरामागे दहा-बारा झाडे, तीही खाऱ्या वाऱ्यात वाढलेली, त्यांचे नारळ मात्र धपधप खाली पडत. फंड भरला तो त्यांनीच.

मला धरणारा हात अच्युतरावांचा होता. तेव्हा ते कोवळे तरुण होते. नारळाच्या पाट्या येईपर्यंत पुस्तक वाचत बसायचे आणि कोणी हाक मारली की कानापर्यंत लाल व्हायचे. बायका डोक्यावरून नारळ आणत आणि समोर उकिडव्या बसून माझ्याकडे टक लावून पाहत. शारदा नावाच्या मुलीची आई तर म्हणायची, "जरा तिरकी धर की रे मेल्या. तेवढाच अडकेल एखादा."

"काकू, तिरकी धरली तर ती माझी कडी होईल, सोसायटीची नाही," असे ते पुटपुटत, आणि शेजारी उभी असलेली शारदा हसू दाबत असे.

पुढे सोसायटीत वजनकाटा आला. मला भंगारात टाकले. त्याच सुमारास अच्युतरावांना भोपाळच्या मोठ्या कारखान्यात, तिथल्या वाचनालयात, नोकरी लागली. जाताना त्यांनी मॅनेजरांना विचारून मला आठवण म्हणून मागून घेतले. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी कमलिनीबाईंनी मला माठाखाली बसवले. त्या मला रोज पुसत. त्यामुळे मी गंजले नाही.

गावात मात्र खत आले नाही, पाणीही आले नाही. फंडाच्या पैशांतून काही संचालकांनी शहरात स्वतःच्या नावावर जागा घेतली होती. लहान बागायतदार कोर्टात गेले. कितीतरी वर्षांनी ती जागा विकली जाऊन पैसे सोसायटीकडे परत आले. एवढे झाल्यावर शारदाबाईंनी ते पत्र लिहिले. अच्युतरावांनी ते माझ्यासमोर उभे राहूनच कमलिनीबाईंना वाचून दाखवले होते.

"अच्युतदादा, पैसे परत आले, पण आमच्यापर्यंत पोचतील असं दिसत नाही. मोठे बागायतदार म्हणतात की फंड सगळ्यांनी भरला, तेव्हा ज्याने जास्त नारळ विकले त्याला जास्त वाटा. जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या. पुरावा म्हणून त्यांनी एक कडी काढली आहे. तिच्यातून नारळ काय, माझं डोकंसुद्धा जाईल. म्हणजे सगळ्यांचेच नारळ पडायचे, कपात सगळ्यांचीच झाली, असं दाखवायचं आहे त्यांना. आमच्या विहिरी खाऱ्या झाल्यात. या पैशातून गोड्या पाण्याची टाकी झाली नाही, तर आमची झाडं जातील. पावसाळ्याआधी सरकारी प्रशासक निकाल देणार आहेत. खरी कडी तुमच्याकडे असेल तर पाठवा, आणि दोन ओळी लिहा."

दोन ओळी. अच्युतरावांनी किती वेळा त्या लिहिल्या आणि फाडल्या. 'माझ्या स्मरणाप्रमाणे' असे लिहून ते थांबत. स्मरण चुकीचे निघाले तर? प्रशासकसाहेबांनी उलटे प्रश्न विचारले तर? आणखी एक अडचण होती, तिचा उच्चार घरात कोणीच करत नसे. गावातली सर्वांत मोठी बाग उदयरावांची होती, आणि उदयराव हे कमलिनीबाईंचे धाकटे भाऊ.

मे महिन्यात उदयराव भोपाळमधल्याच अयोध्या नगरला एका लग्नासाठी आले आणि सकाळीच बहिणीच्या घरी हजर झाले. पिशवीतून त्यांनी आपल्या बागेतले सोललेले नारळ काढून टेबलावर ठेवले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग ते म्हणाले, "भावोजी, सोसायटीची जुनी कडी तुम्ही नेली होती, असं शारदा गावभर सांगत फिरते."

अच्युतराव चष्मा पुसू लागले.

"ह्यांना आधी चहा पिऊ दे," कमलिनीबाई म्हणाल्या.

"पिऊ दे की. मी कुठे कप हिसकावतोय? असेल तर द्या, सोसायटीच्या भिंतीवर लावू. नसेल तर नाही म्हणून या कागदावर सही करा. संध्याकाळी लग्नाहून येतो, तेव्हा घेऊन जाईन." त्यांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "आमच्यावर नुसता संशय, भावोजी. आम्हीसुद्धा फंड भरलाय. वडिलांबरोबर मी स्वतः जायचो नारळ घेऊन. त्या कडीतून आमचेही नारळ गेलेत."

एवढे बोलून ते उठले. "ताई, पाणी घेतो ग. भोपाळचं ऊन म्हणजे भट्टी आहे."

मित्रांनो, ते सरळ माझ्याकडेच आले. त्यांनी माठावरचे झाकण काढले, ओगराळे बुडवले. माठ डुगडुगला, म्हणून त्यांनी दुसरा हात खाली घातला आणि तो नेमका माझ्यावर पडला. त्यांचा अंगठा माझ्या सांध्याच्या गाठीवर होता. बोट माडाच्या चिन्हावर होते. ते वाकून माझ्याकडे पाहत होते. खोलीत कोणी हलत नव्हते. अच्युतरावांच्या हातातला चष्म्याचा रुमालही थांबला होता.

"ताई, हे काय ठेवलंयस खाली? जवाहर चौकात चांगला स्टँड मिळेल. माठ फुटेल एखाद्या दिवशी."

"आहे ते बरं आहे," कमलिनीबाई म्हणाल्या.

पाणी पिऊन, मिशी पुसून, सहीची पुन्हा आठवण करून उदयराव गेले.

अच्युतराव स्टुलापाशी येऊन माझ्याकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "त्याने ओळखलीच नाही."

"नाही ओळखली."

"ज्यांचे नारळ पडायचे, त्या बायका हिच्यावरची नजर काढत नसत. आणि हा म्हणतो, मी स्वतः जायचो."

कमलिनीबाई माठापाशी आल्या. त्यांनी माठ उतरवला, मला उचलले आणि दोन पातेल्यांवर आडवी ठेवली. मग टेबलावरचा भावाचा नारळ आणून माझ्यावर ठेवला. तो वरच राहिला. त्यांनी फिरवला, दाबला. तो हलला नाही. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. मग देवघरातला नारळ आणला, बाजारातून आणलेला, लहानसा. तो धपकन खाली ओट्यावर पडला.

कमलिनीबाई पदराने हात पुसत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "आता लिहा," त्या म्हणाल्या. "फाडायचं नाही."

"त्याला काय सांगायचं?"

"तो माझा भाऊ आहे, मी सांगते. लपून पाठवायची नाही ही."

त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता, म्हणून उदयराव ओरडूनच बोलत होते आणि ते आम्हालाही ऐकू आले.

"उदय, सकाळी माठाखाली तुझा हात होता ना, तीच ती कडी. शारदाला पाठवतोय आम्ही."

बँड वाजत राहिला. मग उदयराव म्हणाले, "ताई, मग भाऊबीजेला मी कोणत्या तोंडाने यायचं?"

"याच तोंडाने ये. दुसरं कुठून आणशील?"

"थांब तू. मी निघालोय. मी येईपर्यंत काही करू नका."

मग घरात घाई झाली. अच्युतराव लिहू लागले. कमलिनीबाई मला जुन्या धोतराच्या कापडात ठेवून भराभर शिवू लागल्या. शिवण पूर्ण होण्याआधी अच्युतरावांनी पत्र वाचून दाखवले.

"शारदाताई, उशिराबद्दल क्षमा करा. कडी पाठवतो. ती मी स्वतः धरत असे. जे म्हणतात की आमचे नारळही हिच्यातून गेले, त्यांना आणि तुम्हाला, दोघांना प्रशासकांनी ही कडी दाखवण्याआधी तिच्या सांध्यावर काय आहे ते विचारावे. मोठा नारळ आणि लहान नारळ तिच्यावर ठेवून बघावेत. बोलावले तर मी येऊन सांगेन."

"शेवटचं वाक्य राहू दे ना?" त्यांनी विचारले.

"राहू दे," कमलिनीबाई म्हणाल्या आणि पत्र माझ्याजवळ ठेवून शेवटचा टाका घातला.

मित्रांनो, कापडाच्या अंधारात मला एक गोष्ट सुचली, ती सांगते. मी कोणी मोठी नाही, म्हणून संकोच वाटतो. तुमच्या घरातही एखादे जुने माप असेल, काटा असेल, पट्टी असेल. ते भंगारात देण्याआधी एकदा विचारा, याने कोणाचे काय मोजले होते? वस्तू पुसून ठेवणे ही तिची काळजी आहेच. पण ज्यांच्याकडून तिने घेतले, त्यांचे त्यांना मिळाले का, हे पाहणे ही त्याहून मोठी काळजी आहे. ती वस्तूला एकटीला करता येत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि तो माणूस घाबरट असला तरी चालतो.

रिक्षाने आम्ही पोस्टात पोचलो. रांग होती. कमलिनीबाईंच्या पर्समधला फोन वाजू लागला, थांबला, पुन्हा वाजू लागला.

"अंकल, इसमें क्या है?" काउंटरवरच्या बाईंनी मला हातात तोलत विचारले.

"कड़ी है. लोहे की."

"दरवाज़े की?"

एरवी अच्युतरावांनी मान डोलावून वेळ मारून नेली असती. आज ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "नहीं. नारियल नापने की. सोसायटी की है, वहीं वापस जा रही है."

"भोपाल से नारियल की कड़ी," मागून कोणीतरी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वजन केले, पत्ता वाचला, पैसे घेतले. फोन वाजतच होता. पावती हातात आल्यावर कमलिनीबाईंनी तो उचलला.

"कुठे आहेस तू, ताई? मी दारात उभा आहे. घराला कुलूप."

"पोस्टात. येतोच आम्ही. शेजारी किल्ली आहे, आत बस. माठ खाली ठेवलाय, पाणी पी."

बाईंनी शिक्का मारला आणि मला मागच्या पोत्यात टाकले.