बाबलीमामाचं पाऊल

नववीत मला विज्ञानात अठ्ठ्याऐंशी पडले, म्हणून बाबलीमामाचा पाय माझ्या ताब्यात आला.

मामा पेडण्यात पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं नेणारा. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि त्याची डावी बाजू गेली. तोंड तेवढं शाबूत. महिन्याभराने तो काठी धरून उभा राहिला, पण डावं पाऊल लोंबतच राहिलं. ते वर उचललं नाही तर गियर पडणार नाही, म्हणजे पायलटकी संपली. मामाला त्याचीच धास्ती.

दर बुधवारी दवाखान्यात फिजिओथेरपीच्या जानकी मॅडम त्याच्या नडगीच्या बाहेरच्या बाजूला टिचक्या मारायच्या. पाऊल आपोआप वर उडायचं. "त्याच क्षणी तुम्हीपण उचला," त्या म्हणायच्या.

मी लगेच समजावलं, "मामा, धक्का मारून गाडी चालू करतात ना? टिचकी म्हणजे धक्का. क्लच तू सोडायचास."

"क्लच हातान सोडतत गो!"

मॅडम हसल्या. "घरी हिच्याकडूनच करून घ्या. रोज शंभर वेळा."

घरी टाच मांडीवर घेऊन मी पहिली टिचकी मारली. पाऊल उडालं आणि अंगठा थेट माझ्या हनुवटीला! मी आनंदाने किंचाळले. त्यानंतर आठ दिवस पाऊल हललंसुद्धा नाही.

यशोदामामी तुयेच्या कारखान्यात कामाला. रविवारी तिला सुट्टी, म्हणून तिने करून बघितलं. पाऊल टुणकन वर! परत मी टिचकी मारली, तर पाय लाकडासारखा ताठ. माझ्या अठ्ठ्याऐंशीची पार अब्रू गेली.

"मामा, तू पाय दाबून धरतोस!"

मामा छताकडे बघत म्हणाला, "म्हज्या भयणीचें चेडू तू. तुका पाय लागलो तर पाप."

"आनी माका लागलो तर पुण्य?" मामी म्हणाली.

"लागू दे रे भाचीला. लागला की नमस्कार कर, फिटलं," मी म्हटलं. "डाव्या हाताने कर, तोपण आळशी झालाय."

"डाव्या हातान नमस्कार कोण करता गो, पिशे?"

शेवटी दोन्ही हात जोडायचं ठरलं, उजव्याने डाव्याला ओढत आणून. रोज शंभर टिचक्या, शंभर नमस्कार. मामी जाता-येता विचारायची, "देवी, नारळ फोडूं?"

चौथ्या बुधवारी मॅडमनी हात मागे घेतला. "आता मी टिचकी मारणार नाही. उचला."

मामाच्या कपाळावर घाम आला. पाऊल उचललं गेलं, काड्यापेटीएवढंच.

"गाडी?" मामाने विचारलं.

"सहा महिन्यांनी बघू. आधी बसची पायरी चढा."

स्टँडवर मामाने पाऊल उचललं, पायरीला आपटलं. मागे रांग खोळंबली.

"बाबली, बेगीन रे!" रांगेतून कोणीतरी घाई केली.

"पाय म्हजो, घाय तुका?" मामा म्हणाला, आणि पाऊल परत उचलून पायरीवर ठेवलं.