दही-साखर खाल्लेला चेंडू

मी एक जुना चेंडू आहे. पण मित्रांनो, चेंडू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो गोल गरगरीत प्राणी उभा राहतो, तो मी नव्हे. मी दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा तपकिरी, आणि पाठीवर पांढरी नाडी ओवलेला असा आहे. मला म्हणतात फुटबॉल, आणि पायाशी माझा संबंध येतो सटीसामाशी. सगळा खेळ हातांचा. इंग्लंडात राहून स्वतःला फुटबॉल म्हणवून घ्यायला जरा धीटपणा लागतो. इथला खरा, लाडका फुटबॉल वेगळा आहे. मी अमेरिकेच्या खेळातला, इथे येऊन राहिलेला पाहुणा.

माझा जन्म कारखान्यात झाला. चामड्याचे चार तुकडे उलट्या बाजूने शिवले, मग वाफ देऊन, पायमोजा सुलटा करावा तसे मला सुलटे केले. पोटात हवेची पिशवी बसवली आणि नाडी आवळली. दुखले, पण खोटे कशाला बोलू, नाडी बसल्यावर माझा मलाच अभिमान वाटला.

तिथून मी खोक्यात बसून कॉव्हेंट्रीला एका विद्यापीठाच्या संघाकडे आलो. संघाचे नाव बॅजर्स. त्यांच्या मैदानावर चार खेळांच्या चार रंगांच्या रेघा होत्या. एखादा नवा खेळाडू भलतीच रेघ धरून धावत सुटला की सगळे पोट धरून हसत. प्रेक्षक म्हणजे कुणाचे आईवडील, कुणाची मैत्रीण आणि फिरायला आणलेली कुत्री. त्यातल्या एका कुत्र्याने मला चावून पाहिले. ती खूण अजून माझ्या अंगावर आहे.

नवा चेंडू कुणालाच आवडत नाही, हे मला तिथे कळले. नवे चामडे गुळगुळीत असते, हातातून निसटते. लोणच्यासारखे आम्हालाही मुरावे लागते. मला मात्र मुरवायला कुणाला वेळ नव्हता. पहिल्या वर्षी मी दोन-तीन सामने खेळलो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ओल्या मोज्यांच्या पिशवीत तळाशी राहून गेलो. माझ्या अंगावर बुरशी आली. त्या दिवसांविषयी मी फार बोलत नाही.

मला बाहेर काढले ते गंधारने. हा लंडनच्या हॅरो भागातला मराठी मुलगा तेव्हा विद्यापीठात नुकताच आला होता. त्याने नाक मुरडले, पण मला फेकले नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशने तो मला रोज संध्याकाळी घासत बसे. ओल्या फडक्याने पुसायचे, ब्रश फिरवायचा, पुन्हा पुसायचे. वर्षभरात माझे चामडे असे मुरले, की थंडीत बधिर झालेल्या बोटांतूनही मी निसटत नसे. मग मात्र प्रत्येक सामन्याला सगळ्यात आधी माझे नाव निघू लागले.

गंधार संघात सेंटर होता. सेंटरचे काम ऐकायला सोपे आहे. वाकायचे, मला जमिनीवर धरायचे आणि इशारा झाला की दोन्ही पायांमधून मागे उभ्या असलेल्या साथीदाराकडे सोडायचे. तो साथीदार म्हणजे कॅलम, संघाचा क्वार्टरबॅक. पुढचे फेकणे, पळणे, वाहवा मिळवणे हे सगळे कॅलमचे. गंधारकडे कुणी पाहतसुद्धा नसे. पण त्याचा हात चुकला तर पुढचे काहीच घडत नाही, हे माझ्याइतके कुणाला माहीत असणार?

त्याच्या आईला तर हे मुळीच माहीत नव्हते. डॉक्टर सुनेत्रा लंडनच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी भूल देण्याचे काम करत. तीन वर्षांत त्या एकदाही सामन्याला आल्या नव्हत्या. रविवारी ड्यूटी असे हे खरे, पण मनातून त्यांना हा खेळच नको होता. एकदा गंधार मला ब्रश करत असताना फोनवर त्यांचे बोलणे झाले, ते मी ऐकले.

"पण तू त्यात एक्झॅक्टली करतोस काय?"

"मी सेंटर आहे, आई. मी बॉल पायांमधून मागे देतो."

"आणि मग?"

"मग समोरचे लोक माझ्यावर पडतात."

मग त्या म्हणाल्या, "ह्यासाठी तुला कॉव्हेंट्रीला पाठवलं होतं?"

गंधार हसला, पण त्या दिवशी त्याने मला नेहमीपेक्षा जोरात घासले.

त्याच्या शेवटच्या वर्षीची ही गोष्ट आहे. ऑक्टोबरात मोसम सुरू झाला आणि आम्ही सपाटून मार खाल्ला. एक नाही, पहिले तीनही सामने हरलो. मग कशी कोण जाणे, गाडी रुळावर आली आणि आम्ही जिंकू लागलो. मोसम संपला की गटातल्या वरच्या संघांना पुढची बाद फेरी खेळायला मिळते. मुले तिला प्लेऑफ म्हणत. बॅजर्सनी प्लेऑफ कधी पाहिली नव्हती. त्यामुळे जानेवारीत बसमधून येता-जाता एकच विषय चाले. आपण जिंकलो तर, ते हरले तर, त्यांचा सामना बर्फामुळे रद्द झाला तर. जर-तरची ही गणिते ऐकून माझी हवा कमी व्हायची वेळ आली.

गंधारने ती सगळी आईलाही ऐकवली. त्या म्हणाल्या, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!"

"कुठली आत्या? अर्चना आत्या?" गंधार गोंधळून म्हणाला.

सुनेत्राताई इतक्या हसल्या, की माझ्या शेजारी ठेवलेल्या फोनमधून मलाही त्यांचे हसणे जाणवले. हसू ओसरल्यावर गंधार हळूच म्हणाला, "आई, ह्यानंतर मी कुठेच खेळणार नाही. जूनमध्ये डिग्री, मग जॉब. मला फक्त अजून एक मॅच पाहिजे. शेवटचा मॅच जिंकला तर मिळेल. खूप मोठा मॅच आहे. तू येशील?"

"मोठी मॅच," त्या सवयीने म्हणाल्या.

"हो, मोठी. येशील?"

"ड्यूटी स्वॅप होते का बघते."

फेब्रुवारीपर्यंत बाकीचे सगळे 'जर' गळून पडले आणि एवढा एकच उरला. घरच्या मैदानावर हॉर्नेट्स ह्या संघाला हरवायचे. जिंकलो तर प्लेऑफ, नाहीतर खेळ खलास.

त्या रविवारी सुनेत्राताई खरेच आल्या. गाडीतून उतरल्या त्या हातात डबा घेऊन. "हात पुढे कर," त्या म्हणाल्या, आणि गंधारच्या तळहातावर त्यांनी चमचाभर दही-साखर घातली. महत्त्वाच्या कामाला निघताना दही-साखर खाऊन निघायचे, ही आपली रीत. दही होते सुपरमार्केटमधले घट्ट ग्रीक योगर्ट, आणि साखर घातली होती सढळ हाताने. गंधारने हात चाटला. कॅलमने विचारले, "हे काय आहे?" गंधार म्हणाला, "गुड लक." मग काय विचारता! कॅलमने हात पुढे केला, त्याच्यामागे दुसऱ्याने, आणि बघता बघता अख्खा संघ डॉक्टरांपुढे रांगेत उभा राहिला. डबा चाटूनपुसून साफ झाला. सगळ्यांनी हात विजारींना पुसले आणि मला उचलले. आयुष्यभर साऱ्या जगाला हात धुवायला सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई त्या दिवशी नेमके तेवढेच सांगायला विसरल्या.

सामना सुरू झाला. मला लगेच जाणवले, की आज माझे काहीतरी बिनसले आहे. मी हातांना चिकटत होतो. कॅलमने मला फेकले आणि आमच्या एका गड्याने मला एका हाताने असे झेलले, की लोक ओरडले. पण हॉर्नेट्सचा प्रशिक्षक तरातरा पंचांकडे गेला. त्याचे काही चुकले नाही. ह्या खेळात चेंडूला किंवा हाताला चिकट पदार्थ लावायला सक्त मनाई आहे. पंचांनी माझ्यावरून अंगठा फिरवला, तो उचलताना आवाज आला. त्यांनी मला नाकाशी धरले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते मी विसरणार नाही.

आम्हाला पंधरा यार्ड मागे सरकण्याची शिक्षा झाली. सगळ्यांना हात धुवायला पिटाळले आणि मला मैदानाबाहेर काढले. माझ्या जागी एक नवाकोरा चेंडू आला, गुळगुळीत आणि घमेंडखोर. त्यातच भुरभुर पाऊस सुरू झाला. गंधारने त्याला मागे सोडले आणि तो थेट कॅलमच्या डोक्यावरून गेला. हॉर्नेट्सनी उचलला, धावले, गुण घेतले. थोड्या वेळाने पुन्हा तेच घडले असते, कॅलमने कसाबसा पकडला म्हणून वाचलो. मध्यंतराला आम्ही मागे होतो आणि गंधार मान खाली घालून एकटाच उभा होता.

मी कुठे होतो? मी सुनेत्राताईंच्या मांडीवर होतो. "माझ्यामुळे झालं हे सगळं," त्या मलाच म्हणाल्या, कारण दुसरे कुणी शेजारी नव्हते. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि माझ्या शिवणींतली, नाडीखालची साखर हलक्या हाताने काढली. मग गळ्यातल्या लोकरीच्या मफलरने मला कोरडे केले आणि कोटाच्या आत धरले. त्या हातांखाली माणसे निमूट का झोपत असतील, ते मला तेव्हा कळले.

मग त्या उठल्या आणि सरळ पंचांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सॉरी. चूक माझी आहे, मुलांची नाही. बॉल आता क्लीन आहे. तुम्ही चेक करा, प्लीज."

पंचांनी मला फिरवून पाहिले, अंगठा घासला, पुन्हा वास घेतला. "योगर्ट होतं?"

"योगर्ट अँड शुगर. आमच्याकडे लकसाठी देतात."

"मग तुमचं लक तुम्हीच पुसून टाकलंत," पंच म्हणाले. पण ते हसत होते, आणि मला त्यांनी बॅजर्सच्या बाजूला सोपवले.

गंधारच्या हातात आल्याबरोबर आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखले. आता मी चिकट नव्हतो, नुसता मुरलेला होतो, आणि तेवढे पुरेसे होते. एकही फेक वाया गेली नाही. तरीही शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो. शेवटची रेघ हातभर अंतरावर, आणि प्रयत्न एकच उरलेला. रेघेपलीकडे गेलो तर सहा गुण. गंधार माझ्यावर वाकला. मी मनात म्हटले, बाबा रे, मला सोड, पुढचे आपण पाहू.

त्याने मला सोडले ते बरोबर कॅलमच्या हातांत. कॅलमने मला पोटाशी धरले आणि गंधारच्या पाठीमागून मुसंडी मारली. मग माणसांवर माणसे पडली. खाली अंधार झाला, चिखलात कुणाचे कोपर, कुणाचा गुडघा. पंच एकेकाला उचलून बाजूला करू लागले. सगळे मैदान श्वास रोखून होते, आणि मी कुठे आहे हे फक्त मला माहीत होते. माझे नाक रेघेपलीकडच्या चिखलात रुतले होते! शेवटी पंचांना मी दिसलो. त्यांनी दोन्ही हात वर केले, म्हणजे सहा गुण आमचे.

केवढा आनंद झाला म्हणून सांगू! सुनेत्राताई सगळ्यांबरोबर उड्या मारत होत्या आणि शेजारच्या बाईंना विचारत होत्या, "म्हणजे आपण जिंकलो ना?"

तर मित्रांनो, आम्ही प्लेऑफ खेळलो. सामना लांब उत्तरेकडे होता आणि त्यात आमचा पार धुव्वा उडाला, तेही सांगून टाकतो. पण मला त्याचे वाईट वाटत नाही. गंधारने अजून एक सामना मागितला होता, तो त्याला मिळाला. मुले बसकडे गेली. गंधार मात्र मैदानावर थांबला, आणि ह्याही सामन्याला आलेली आई त्याच्या जवळ गेली.

"लागलं का कुठे?"

"नाही. आई, माझ्या मागे उभी राहा ना. अजून मागे. हात असे पुढे धर."

"अरे, मला नाही जमणार."

"जमेल. थांब तिथेच."

तो वाकला, मला जमिनीवर धरले आणि मागे न पाहता सोडले. मी गिरक्या घेत गेलो आणि सुनेत्राताईंच्या कोटावर आदळलो. त्या एक पाऊल मागे सरकल्या, पण त्यांनी मला पडू दिले नाही.

"केवढ्या जोरात येतो रे हा! आणि तू हे न बघता करतोस?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"हो, आई. प्रत्येक वेळी."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग चालत जाऊन त्यांनी मला गंधारच्या हातात दिले, परत आपल्या जागी आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा टाक."

आता गंधार लंडनला नोकरी करतो आणि मी बॅजर्सकडेच आहे. नवी मुले मला खेळवतात, आणि मी सुखात आहे. तुमच्याकडे माझी एवढीच विनंती आहे. आम्ही भिजलो तर आम्हाला पुसा, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घालू नका, आणि मोठा सामना जिंकून दिला म्हणून काचेच्या कपाटात कोंडू नका. आणि तुमच्या घरात कुणी तुम्हाला न कळणारा खेळ खेळत असेल, तर तो कळेपर्यंत वाट पाहू नका. त्याच्या मागे जाऊन उभे राहा आणि हात पुढे करा.